हात धुण्याचा कट

माझ्या नोकरीबद्दल लिहा असे संपादकांनी सांगितले, तेव्हा मी त्यांना आधीच सावध केले. माझ्या नोकरीत बंदूक नव्हती, शस्त्रक्रिया नव्हती, वादळात सापडलेले जहाज नव्हते. नोकरीची शेवटची बरीच वर्षे मी दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयात जाड फायली वाचण्यात आणि त्यांतल्या काही ओळी काळ्या करण्यात घालवली. एकदा एक ओळ काळी करायची राहिली. सांगण्यासारखे तेवढेच आहे, आणि त्यातही नावे बदलली आहेत. बडोदे मात्र बडोदेच ठेवले आहे, कारण हे दुसऱ्या कुठल्या गावात घडले असते असे मला वाटत नाही.

आधी धंदा समजावून सांगतो. एखादी मोठी कंपनी दुसरीला विकत घेते किंवा दोन कंपन्या एक होतात, तेव्हा त्या एका मर्यादेपेक्षा मोठ्या असल्या तर त्यांना आमच्याकडे यावे लागे. आम्ही फिरवून फिरवून एकच प्रश्न विचारायचा: हे दोघे एक झाल्यावर गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला दार उरते का? उरत असेल तर परवानगी. उरत नसेल तर नकार, नाहीतर अटी. उत्तर ठरावीक दिवसांत द्यावे लागे. पण आम्ही लेखी प्रश्न पाठवला की उत्तर येईपर्यंत दिवस मोजणे थांबे. त्यामुळे ज्ञानाची खरी तहान असलेले सरकारी नोकर म्हणून आमच्याकडे बोट दाखवता येईल.

दांडिया बाजारात आमचे घर आहे. तिथे भाऊ आणि वहिनी राहतात. वहिनींना मी हे सगळे एकदा समजावले.

"म्हणजे लग्नं मोडायचं खातं," वहिनी म्हणाल्या.

"मोडत नाही वहिनी. पत्रिका बघतो."

"आणि जुळतात?"

"बहुतेक जुळतात. मोठा वकील आणला की छत्तीसच्या छत्तीस."

अशाच एका स्थळाची ही हकिगत. मुलगा परदेशी, अवाढव्य, व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र, म्हणजे कन्सोल, बनवणारा. त्याला आपण मोठी कंपनी म्हणू. मुलगीही परदेशी, गेम तयार करणारी. तिचा एक फुटबॉलचा गेम जगभर पोरासोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळे खेळत. तो गेम तेव्हा सगळ्या कन्सोलवर चाले. लग्नानंतर मोठी कंपनी तो फक्त आपल्याच कन्सोलवर ठेवणार की काय, ही शंका होती. ती ठेवणार नाही, असे मोठी कंपनी म्हणत होती. लग्नाआधी सगळेच म्हणतात.

आमच्या धंद्यातली खरी मारामारी असते ती "बाजार" कशाला म्हणायचे यावर. बाजार जितका मोठा ठरेल तितकी कंपनी लहान दिसते. म्हणून कंपनीच्या वकिलांनी खोकी भरून कागद आणले आणि सिद्ध केले की व्हिडिओ गेमची स्पर्धा क्रिकेटशी आहे, सिनेमाशी आहे, गच्चीवर गप्पा मारण्याशी आहे आणि परिशिष्टात म्हटल्याप्रमाणे झोपेशीही आहे. एवढ्या बाजारात बिचारी मोठी कंपनी दिसतही नव्हती. तिच्या प्रतिस्पर्ध्यांच्या वकिलांनी तितकीच खोकी आणून सिद्ध केले की बाजार म्हणजे तो एकच फुटबॉलचा गेम, रविवारी संध्याकाळी, दोघांनी मिळून खेळलेला. मधे आम्ही बसलो होतो, आणि आमच्यापैकी कोणीही आयुष्यात कन्सोलला हात लावलेला नव्हता.

शेवटी कंपनीच्या बड्या वकिलांनी सुनावणीला दोन कन्सोलच आणले. एक मोठ्या कंपनीचा, एक प्रतिस्पर्ध्याचा. त्यांच्यामागे पाच कनिष्ठ वकील होते, प्रत्येकाच्या हातात एकेक फाईल, जी कोणी उघडली नाही. दाखवायचे होते ते एवढेच, की खेळणारा माणूस एका यंत्रावरून दुसऱ्यावर बस बदलल्यासारखा जातो. आमचे एक वरिष्ठ साहेब होते. व्हिडिओ गेम हा नातवंडांचा शत्रू, असे त्यांचे मत होते. त्यांच्या हातात पहिल्या यंत्राचा कंट्रोलर दिला. कंट्रोलर म्हणजे बटणे असलेली दोन मुठींची वस्तू. साहेबांनी पहिल्या पाच मिनिटांत आपल्याच गोलात दोनदा चेंडू मारला. पंधराव्या मिनिटाला चहा आला, तो त्यांनी हाताने बाजूला सारला. विसाव्या मिनिटाला त्यांनी खरा गोल केला आणि खुर्चीतून अर्धे उठले.

"आता सर, दुसऱ्या यंत्रावर," वकील म्हणाले.

साहेबांनी दुसरा कंट्रोलर घेतला, दाबला, उलटा केला, पुन्हा दाबला. "याची बटणं भलतीकडे आहेत."

"पाच मिनिटांत सवय होईल सर."

"मला नको सवय. ते पहिलं द्या इकडे."

आमच्या प्रमुख सेन मॅडम, ज्या दिवसातून मोजून वीस वाक्ये बोलत, त्यांनी वहीत एक ओळ लिहिली. कंपनीने खोकी भरून मांडलेला युक्तिवाद तिच्याच यंत्राने वीस मिनिटांत पाडला होता.

पण साहेबांना पुरावा म्हणून जोडता येत नाही. मॅडमनी ठरवले की ज्यांचे पोट या यंत्रांवर आहे त्यांना विचारायचे, म्हणजे गेमिंग पार्लरवाल्यांना. तासाच्या हिशोबाने कन्सोलवर खेळू देणारी ही दुकाने. मुंबईला एक जण गेला, अहमदाबादला माझा सहकारी तिवारी गेला, आणि मी बडोद्याचा म्हणून मला बडोदे मिळाले. "तुमची राहायची सोय आहे ना?" एवढाच निकष होता.

पहिल्या दिवशी लहरीपुऱ्यात गेलो. जिग्नेशभाई नावाच्या गृहस्थांच्या पार्लरमध्ये चार पडदे चालू होते आणि रस्त्यापर्यंत आरडाओरडा येत होता. मी ओळखपत्र दाखवले. त्यावरचा दिल्लीचा सिंह पाहून जिग्नेशभाईंनी मला आदराने शेजारच्या दुकानात बसवले, थंड पाजले, आणि दहा मिनिटांनी आत नेले. चारही पडद्यांवर चादरी होत्या. मुले सतरंजीवर मांडी घालून वाचत होती. एकाच्या हातात स्कूटरचे माहितीपत्रक होते.

"साहेब, अमे तो ट्युशन चलावीए छीए," जिग्नेशभाई म्हणाले.

"कशाचं?"

"जनरल."

त्या दिवशी मी एकूण तीन जनरल ट्युशनना भेट दिली. संध्याकाळी वहिनींना सांगितले तर त्या पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "ओळखपत्र काढून फिरलात तर दुसरं काय होणार भाऊजी? आमच्या भजनी मंडळातल्या उषाताईंचं आहे की पार्लर, सुभानपुऱ्यात. उद्या मी येते. कार्ड खिशात ठेवा."

उषाताई कर्णिक या शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या शिक्षिका. पार्लर मुलाने काढले होते. तो कॅनडाला गेला, तेव्हा यंत्रे विकण्याआधी आठवडाभर चालवून बघते, असे त्या म्हणाल्या. त्याला सहा वर्षे झाली होती. दारावर तीन भाषांत पाटी: चपला बाहेर काढा, हात साबणाने धुवा, शिव्या देऊ नका. हाताचे कारण त्यांनी सांगितले. येणारे खेळाडू कोपऱ्यावर सेव-उसळ खाऊन येत. कंट्रोलरला तर्री लागली की बटण अडके, आणि बटण अडकले की अहमदाबादहून माणूस येईपर्यंत ते यंत्र बंद. गावात इतर कुठेही हात धुवायला लावत नसत. उषाताईंचे पार्लर त्याबद्दल चेष्टेचा विषय होते, आणि तरी सगळ्यांत भरलेले असे, कारण बटणे तिथेच नीट चालत.

मी त्यांना आमचा ठरलेला प्रश्न विचारला: हा फुटबॉलचा गेम मिळाला नाही तर खेळाडू दुसरा गेम घेतील का? आमच्या धंद्यात या प्रश्नाला लोक "मला वाटतं" असे उत्तर देतात. उषाताईंनी वही काढली. शिक्षिकेची सवय. कोणता गेम मागितला, तो रिकामा नसला तर खेळाडूने काय केले, याचे तीन रकाने: थांबला, दुसरा घेतला, निघून गेला. सहा वर्षांचे. जगातले मोठमोठे अर्थतज्ज्ञ याच तीन रकान्यांसाठी समीकरणे मांडून अंदाज बांधतात, आणि इथे सुभानपुऱ्यात ते शाईच्या पेनाने भरून ठेवले होते. फुटबॉलवाले थांबत, नाहीतर निघून जात. दुसरा गेम घेणारे नावाला होते.

"उषाताई, हे कशासाठी ठेवलंत?"

"कुठलं यंत्र वाढवायचं ते कळावं म्हणून. तुम्ही लोक कशावरून ठरवता?"

मी झोपेच्या परिशिष्टाबद्दल काही बोललो नाही.

पण सही करायची वेळ आली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले. त्यांच्या आठ यंत्रांपैकी सहा प्रतिस्पर्धी कंपनीची. फुटबॉल तिथून गेला तर सहा यंत्रे कपाटात, हे खरे. पण गुजरातभर सगळ्या कन्सोलचा पुरवठा आणि दुरुस्ती एकाच माणसाकडे होती: अहमदाबादचे परेशभाई. आणि परेशभाई मोठ्या कंपनीचे खास वितरक. "मी कंपनीविरुद्ध लिहून दिलं हे त्यांना कळलं, तर माझं एक बटणसुद्धा कोणी बदलायला येणार नाही. महिनाभरात मी बंद," त्या म्हणाल्या. "आणि साहेब, मला आता घरी बसून भजनं म्हणायची नाहीत. आठवड्यातून एकदा पुरतात."

"तुमचं नाव बाहेर जाणार नाही. शब्द देतो."

"सरकारचा की तुमचा?"

"माझा."

"मग आणा इकडे."

आता तो काळ्या ओळींचा प्रकार. प्रत्येक निवेदनाच्या दोन प्रती निघतात. पूर्ण प्रत कुलुपात राहते. दुसरीत नाव, गाव, ओळख पटेल असे सगळे काळे करून ती कंपनीच्या वकिलांना देतात, कारण आपल्याविरुद्ध काय म्हटले आहे हे कळण्याचा त्यांना हक्क असतो. कोणी म्हटले हे कळण्याचा नसतो. काळे करण्याचे हे काम मी करी आणि त्यात माझे नाव होते. उषाताईंचे नाव, सुभानपुरा, आठ यंत्रे, शाळा, कॅनडा, सगळे मी काळे केले. बडोदे ठेवले, एवढ्या मोठ्या शहरावरून कोण ओळखणार.

एक वाक्य मात्र तसेच राहिले, आणि ते नजरचुकीने राहिले असे म्हणण्याची मला सोय नाही. वर्षानुवर्षे "उपरोक्त बाबी विचारात घेता" असले मराठी-हिंदी-इंग्रजी दळण दळल्यावर माझ्या हातून एक वाक्य बरे उतरले होते: "या केंद्रात येणारा प्रत्येक खेळाडू पादत्राणे बाहेर काढतो, साबणाने हात धुतो आणि मगच खेळाला स्पर्श करतो, येथील नोंदीही तितक्याच स्वच्छ आहेत." त्यावर काळी रेघ ओढायला माझा हात धजला नाही.

शुक्रवारी दुपारी प्रती दिल्या. तासाभराने जिन्यात त्या पाच कनिष्ठांपैकी दोघे उभे दिसले. एक जण दुसऱ्याला कागदावरून मोठ्याने वाचून दाखवत होता आणि दोघे हसत होते. "यार, हात धोके," एवढे मला ऐकू आले. वाक्य आवडले म्हणून मला क्षणभर बरे वाटले. मग लक्षात आले: हे वाक्य कंपनीकडून परेशभाईंकडे जायला दोन दिवस पुरे होते, आणि परेशभाईंचा माणूस उषाताईंकडे येई तेव्हा त्यालाही हात धुवावे लागत.

मी सेन मॅडमसमोर उभा राहिलो. त्यांनी वाक्य दोनदा वाचले.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच काळं करायला हवं होतं."

"आता काय करायचं?"

"दिलेली प्रत परत घेता येत नाही. तुम्ही काही करू नका."

मी बाहेर जाऊन उषाताईंना फोन केला. सगळे सांगितले. पलीकडे फुटबॉलची शिट्टी वाजली.

"तुम्ही कसले हो अधिकारी? एवढं साधं काळं फासता येत नाही?"

"चुकलंच माझं."

"दहावीच्या पोरांना मी सांगायची, उत्तर आलं की थांबा, पुढे निबंध लिहू नका. परेशभाई महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी स्वतः चक्कर मारतात. म्हणजे दहा दिवस आहेत."

"मी काय करू?"

"तुम्ही काही करू नका. केलंत तेवढं पुरे."

एका तासात दोन कर्तबगार बायकांनी एकच सल्ला दिला, म्हणजे तो बरोबर असणार.

रविवारी दुपारी वहिनींचा फोन आला. आवाज दबका. "भाऊजी, ऐका नुसतं. बोलू नका." त्यांनी फोन तसाच चालू ठेवून बहुधा चहाच्या ट्रेमध्ये ठेवला, कारण पुढचे सगळे मी कपबशांच्या आवाजातून ऐकले. उषाताईंनी बडोद्यातल्या बाकीच्या सहाही पार्लरवाल्यांना बोलावले होते. जिग्नेशभाईही होते.

"दिल्लीहून सफाई बघायला माणसं फिरतायत," उषाताई त्यांना हिंदीत सांगत होत्या. "एक तर जिग्नेशभाईंकडे येऊन गेला. कार्डवाला."

"हां, आवेलो," जिग्नेशभाई म्हणाले. "बहु डाउट खातो हतो."

"तेव्हा उद्यापासून सगळ्यांकडे एकच नियम. चपला बाहेर. हात साबणाने. मगच कंट्रोलर."

"उषाबेन, माझ्याकडे चपला बाहेर काढल्या तर लहरीपुऱ्यात त्या राहतील का?"

"आत एका बाजूला ठेवा. पण काढायला लावा."

"हात रुमालाने पुसले तर?" दुसरा कोणी.

"नाही. साबण. एकानेही सूट दिली तर सगळे त्याच्याकडे जातील आणि बाकीचे अडकतील. सगळ्यांनी करायचं, नाहीतर कोणीच नाही."

इथे मी घाबरून फोन कानापासून लांब धरला. वाचकांना एक गोष्ट सांगायची राहिली. कंपन्यांची लग्ने हे आमच्या कार्यालयाचे अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे एकाच धंद्यातले प्रतिस्पर्धी गुपचूप जमून "सगळ्यांनी सारखंच वागायचं" असे ठरवतात ते शोधून त्यांना शिक्षा करणे. अशी बैठक पकडायला अधिकारी वर्षानुवर्षे झुरतात. मला ती थेट ऐकायला मिळाली होती, चहासकट, आणि तिचे मूळ कारण मीच होतो. ठराव किमतीवर नव्हता, साबणावर होता, असे मी स्वतःला समजावले. ठराव एकमताने झाला. जिग्नेशभाईंनी लिंबाच्या वासाच्या साबणाचा आग्रह धरला तो मात्र फेटाळला गेला. ज्याने त्याने आपल्या आवडीचा ठेवावा, असे ठरले. थोडी तरी स्पर्धा शिल्लक राहिली म्हणून मला समाधान वाटले.

गुरुवारी सेन मॅडमनी मला एक बंद पाकीट दिले. तिवारीने अहमदाबादला नोंदवलेले निवेदन होते, काळे करायचे राहिलेले. आमच्याकडे असे की एकाने नोंदवलेले दुसऱ्याला दाखवत नसत. त्यात काय आहे हे तिवारीला आणि मॅडमना सोडून कोणाला ठाऊक नव्हते. "या वेळी प्रत्येक ओळ वाचा," त्या म्हणाल्या. "नंतर मी वाचणार आहे."

मी पहिली ओळ वाचली आणि पाकीट खाली ठेवून पाणी प्यायलो. निवेदन परेशभाईंचे होते. मोठी कंपनी गेम आपल्याच यंत्रावर ठेवणार, मग डबीतल्या डिस्क बंद करून सगळे थेट डाउनलोडने विकणार, आणि मग वितरक कशाला लागतो, असे त्यांनी तीन पाने भरून लिहून दिले होते. शेवटी हात जोडून विनंती होती: माझे नाव कळू देऊ नका. पार्लरवाले सगळे कंपनीच्या माणसांना सलाम करतात, त्यांच्यातलाच कोणी कंपनीला सांगेल.

म्हणजे उषाताई परेशभाईंना घाबरत होत्या आणि परेशभाई उषाताईंना. दोघांनी एकाच लग्नाला एकच हरकत घेतली होती. हे जगात ज्या दोन माणसांना माहीत होते, त्यांतला मी एक, आणि दोघांनाही सांगण्याची मला बंदी होती.

मी रजेचा अर्ज केला. कारण लिहिले: घरगुती. मॅडमनी सही केली. "घरच्यांना सांगा," त्या म्हणाल्या, "वाक्यं लहान ठेवा." मदत करायला चाललो आहे असे मी स्वतःला सांगत होतो. खरे म्हणजे बघायला चाललो होतो.

सोमवारी अकरा वाजता मी उषाताईंच्या पार्लरमध्ये, हात धुऊन, एका कॉलेजच्या मुलीशी फुटबॉल खेळत बसलो होतो. पंधरा मिनिटांत तिने मला नऊ गोल मारले आणि "अंकल, तुम्ही कंट्रोलर उलटा धरलाय," असे सांगितले. तेवढ्यात परेशभाई आले. पन्नाशीचे, गोरेपान, घामाघूम. त्यांनी सांगण्याआधीच चपला काढल्या, बेसिनकडे गेले, हात धुतले आणि बोटे उषाताईंसमोर धरली. बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या होत्या.

"सवारथी सातमी वार, उषाबेन," ते म्हणाले. "आखुं बरोडा हाथ धोवडावे छे."

"स्वच्छता चांगलीच ना परेशभाई," उषाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज स्थिर होता, पण त्यांनी वही पदराखाली सरकवली. "हे आमच्या भजनी मंडळातल्या बाईंचे दीर. रेल्वेत होते."

"एम? तो अहमदाबाद पासेंजर केम रोज लेट होय छे?"

मी सिग्नलबद्दल काहीतरी पुटपुटलो आणि दहावा गोल खाल्ला.

परेशभाईंनी खिशातून कागद काढला. कंपनीने पाठवला होता, त्यात माझे वाक्य होते, गुजरातीत उतरवलेले. तिथेही ते बरे वाटत होते. बडोद्यात हात धुवायला लावणारे पार्लर कोणते ते कळवा, असे कंपनीने विचारले होते. "में लखी दीधुं," परेशभाई म्हणाले, "सातेसात." आणि ते इतक्या मोकळेपणाने हसले की या माणसाला साक्षीदार सापडायलाच नको होता हे मला, आणि फक्त मलाच, दिसले. उषाताईंनी खुर्चीला टेकून श्वास सोडला.

तिथे हे संपायला हवे होते. पण भ्यालेली माणसे सुटल्यावर गप्प बसत नाहीत.

"कोण असेल हो असा?" उषाताई गुजरातीत म्हणाल्या. "कंपनीविरुद्ध लिहून देणारा. कंपनीने आपल्याला काय कमी केलं?"

परेशभाई दचकले आणि सरसावून बसले. "कशुं नहीं, बेन. कंपनी तो मा-बाप छे."

"मी तर म्हणते, त्यांनी तो फुटबॉल आपल्याकडेच ठेवावा. शिस्त येईल."

"हा, हा. डिस्कनी शी जरूर? बधुं डाउनलोड. सरस."

"तुमचं काम किती हलकं होईल परेशभाई."

"बहु हलकुं," परेशभाई म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आपले काम किती हलके होईल याची भीती उमटलेली मी पाहिली. उषाताई त्यावर म्हणाल्या की कंपनीच्या मुख्य साहेबांचा फोटो इथे लावावा असे त्यांच्या मनात आहे. परेशभाई म्हणाले की त्यांच्या ऑफिसात तो आधीच आहे, आणि ते आणखी एक पाठवतील. अर्धा तास दोघे असे एकमेकांवर चढत होते. मी पडद्याकडे बघत होतो. इतके हसू दाबून ठेवण्याचा माझा कामावरचा तो एकमेव प्रसंग. माझा गोलरक्षक मात्र तोवर मैदान सोडून कुठेतरी कोपऱ्यात जाऊन उभा राहिला होता.

परेशभाई गेल्यावर उषाताईंनी पंखा वाढवला.

"केवढं खोटं बोलायला लावलंत साहेब तुम्ही मला. आणि तो माणूस बघितलात? कंपनीचा नुसता भक्त."

"हो," मी म्हणालो. माझ्या निवृत्तिवेतनाला मी त्या एका शब्दात जागलो.

काही महिन्यांनी निकाल लागला. लग्न झाले, ती होतातच. पण अट पडली: फुटबॉलचा गेम ठरावीक वर्षे सगळ्या कन्सोलवर द्यायचा, आणि डिस्कही विकत राहायची. निकालात उषाताईंच्या तीन रकान्यांचा आधार होता. ती वर्षे संपल्यावर काय होईल, याचे उत्तर माझ्याकडे नाही. थोडा वेळ मिळवून देणे एवढेच आमचे खाते करी, आणि त्यालाच आम्ही न्याय म्हणत असू. एका वाक्याच्या मोहापायी एका बाईचे दुकान मी पणाला लावले होते, ही रुखरुख निकालाने गेली नाही. त्यानंतर नोकरीत मी एकही चांगले वाक्य लिहिले नाही. कोणाच्या लक्षातही आले नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी उषाताईंचा फोन आला.

"परेशभाई सकाळीच फोनवर होते. बिचारे फार खचलेत. मला धीर देत होते, बेन, मन लहान करू नका, कंपनी पुन्हा उभी राहील. मी पण त्यांना धीर दिला. फोन ठेवल्यावर पेढे वाटले."

"बरं केलंत."

"आणि ऐका, तो निकाल मी वाचून काढला. माझ्या वहीच्या खालीच लिहिलंय, एका वितरकानेही हेच सांगितलं म्हणून. नाव काळं आहे. कोण हो हा?"

"ते मला सांगता येत नाही, उषाताई."

"माहीत आहे. यावेळी नीट काळं केलंय. पण धैर्याचा माणूस असणार. मला तर बटणांची भीती, त्याला तर सगळा धंदाच जायची. तुमची भेट झाली तर माझा नमस्कार सांगा त्याला."

सांगतो म्हणालो. सांगितला नाही, सांगता येणार नव्हता. पण अजून दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी परेशभाई सुभानपुऱ्यात येतात, चपला काढतात, हात धुतात, आणि उषाताई खुर्चीतून उठून त्यांना नमस्कार करतात.